टेप गुंडाळण्याआधी पाइप पाहा!

नवा एसी बसवणारी कुटुंबे, गृहनिर्माण संस्था, इंटिरिअर कंत्राटदार आणि फिटर यांना तातडीचे आवाहन



पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आणि तिथून थेट मृगाच्या पावसापर्यंत एसी बसवण्याचा हंगाम असतो. उकाडा असह्य झालेला असतो, दुकानदाराने "उद्याच माणूस पाठवतो" असे सांगितलेले असते आणि त्या माणसाच्या डोक्यावर दिवसभरात आणखी चार घरांचे काम असते. या घाईत एक काम हमखास उरकले जाते. ते म्हणजे आतल्या युनिटपासून बाहेरच्या युनिटपर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या दोन पाइपांवरचे इन्सुलेशन. वरून पांढरी टेप चढली की आत काय आहे आणि काय राहून गेले आहे, हे कोणालाच दिसत नाही. त्यावर फॉल्स सीलिंग बसले, तर पुढची कित्येक वर्षे दिसत नाही. पावसाळा आला की मात्र छतावर ओला डाग उमटतो, आणि तेव्हा दुरुस्तीसाठी छतच फोडावे लागते.

म्हणून ही विनंती आत्ताच, जूनच्या आधी करत आहोत. पाइप झाकले जाण्यापूर्वी पाच मिनिटे तिथे उभे राहा आणि चार गोष्टी पाहा. दोन्ही पाइपांवर वेगवेगळे आवरण आहे का? ते पुरेसे जाड आहे का? मध्ये कुठेही उघडे न पडता ते दोन्ही टोकांपर्यंत पोचले आहे का? आणि बाहेर उन्हात जाणाऱ्या भागाला वरून संरक्षण आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर "नाही" असेल, तर काम पुरे झाले असे समजू नका.

पाणी येते कुठून?

एसी चालू असताना हे पाइप साधारण 5 ते 12 अंश सेल्सिअसला असतात. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा किनारपट्टीच्या गावांत जून-जुलैची हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की ती 25-26 अंशांपर्यंत गार झाली तरी तिच्यातली वाफ पाणी होऊन सुटू लागते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. म्हणजे तिथे पाणी धरायला पाइप बर्फासारखा थंड असण्याची गरजच नाही. पंचवीस अंशांच्या खाली असलेली कोणतीही वस्तू भिजणार. फ्रीजमधून काढलेली बाटली ओट्यावर ठेवली की तिच्याभोवती जे तळे होते, तेच इथे होते. बाटली काही वेळाने कोमट होते आणि तिचा घाम थांबतो. पाइप मात्र एसी चालू आहे तोवर गारच राहतो, आणि घाम सुटतच राहतो.

किती पाणी? ढोबळ हिशेब करून पाहू. तीन मीटर लांबीचे दोन्ही पाइप उघडे असतील, तर दमट रात्रीच्या आठ तासांत त्यांच्यावर पाव ते अर्धा लिटर पाणी जमू शकते. एका रात्रीचे हे पाणी बादलीत पडले असते तर कोणी लक्षही दिले नसते. पण ते पाइपावरून ओघळत उताराच्या सर्वांत खालच्या ठिकाणी जाते, आणि तिथे पीओपी असते, कपाटाचे प्लायवूड असते, कधी दिव्याचा पॉइंट असतो. रोज रात्री त्याच जागी पाणी मुरत गेले की आठवडाभरात डाग, महिन्याभरात बुरशी आणि एका पावसाळ्यात फुगलेले प्लाय, असा क्रम ठरलेला. कोकणात जांभ्या दगडाच्या घरांत तर भिंत पाणी शोषून घेते आणि डाग दिसेपर्यंत आतला भाग बराच ओला झालेला असतो.

सोसायट्यांत याचा एक वेगळाच परिणाम दिसतो. छताला डाग पडला की पहिला आळ वरच्या मजल्यावरच्या बाथरूमवर येतो. पत्रव्यवहार होतो, सभेत आवाज चढतात, कोणाच्या तरी टाइल्स उखडल्या जातात, वॉटरप्रूफिंगवर हजारो रुपये जातात, आणि डाग तिथेच राहतो. कारण पाणी वरून आलेलेच नसते. ते त्याच खोलीच्या हवेतून आलेले असते.

दोन पाइप, दोन आवरणे

घरगुती स्प्लिट एसीत एक पाइप जाड असतो आणि एक बारीक. दीड टनाच्या एसीला बहुधा बारीक पाइप पाव इंची, म्हणजे दोन सुतांचा, आणि जाड पाइप अर्धा इंची, म्हणजे चार सुतांचा असतो. टनेज आणि कंपनीप्रमाणे ही मापे बदलतात. अनेक ठिकाणी जाड पाइपावर आवरण चढवतात आणि बारीक पाइप तसाच सोडून दोघांना मिळून टेप गुंडाळतात. विचारले तर उत्तर येते, "लिक्विड लाइनला लागत नाही."

या उत्तराला जुना आधार आहे. काही मोठ्या यंत्रणांमध्ये गॅसचा दाब उतरवणारा भाग आतल्या युनिटपाशी असतो. तिथवर जाणारा बारीक पाइप कोमट असतो, त्यामुळे त्याला घाम येत नाही. पण आजच्या बहुतेक घरगुती स्प्लिट एसीत हा भाग, मग ती कॅपिलरी असो की एक्सपान्शन व्हॉल्व्ह, बाहेरच्या युनिटमध्येच असतो. त्यामुळे तिथून निघणारा बारीक पाइपही थंडच असतो. बऱ्याचदा तो जाड पाइपाहूनही थंड असतो. जुन्या यंत्रणेवरचा नियम नव्या यंत्रावर लावला की अर्धे इन्सुलेशन झाल्यासारखे वाटते, आणि उरलेल्या अर्ध्यातून पाणी पडते.

दोन्ही पाइप एकाच नळकांड्यात कोंबणे हाही उपाय नव्हे. आवरणाची चीर मिटत नाही, दोन पाइपांच्या मधल्या फटीत दमट हवा शिरते आणि टेपच्या आतच पाणी साचते. म्हणून प्रत्येक पाइपाला त्याच्या मापाचे आवरण हवे. आतून ढिले नको आणि ताणूनही बसवलेले नको.

कशाचे, आणि किती जाड?

आवरण कशाचे असावे याचे सोपे उत्तर आहे. बंद पेशींचा काळा नायट्राइल रबर फोम वापरावा. त्यातला प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र आणि बंद असतो, म्हणून हवेतले बाष्प आत शिरून पाइपापर्यंत पोचत नाही. घेताना आगीच्या बाबतीत "क्लास ओ" अशी नोंद असलेला घ्या. पांढरा पॉलिथिलिन फोमही चालतो, पण "हॉट अँड कोल्ड" एसीत हिवाळ्यात हेच पाइप चांगले तापतात. तिथे कोणते तापमान सोसेल ते पाहूनच माल निवडा. सुती पट्ट्या, गोणपाट, स्पंज यांचा उपयोग नाही. ते पाणी पितात, आणि एकदा भिजले की आवरण असून नसल्यासारखे होते.

जाडीच्या बाबतीत सर्वांत जास्त काटकसर केली जाते. अनेक एसींसोबत तीन मीटरच्या आसपास पाइप मिळतो आणि त्याहून जास्त लागला तर तो मीटरवर विकत घ्यावा लागतो. त्या जादा पाइपावर बाजारातले सर्वांत पातळ आवरण चढते. एक साधे गणित पाहा. हवा 32 अंश, दवबिंदू 26 अंश आणि अर्धा इंची पाइप 7 अंशांवर आहे असे धरा. त्यावर 9 मिलिमीटरचे आवरण असेल तर त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान सव्वीसच्या जरा वर राहते, म्हणजे अगदी काठावर. थोडी अधिक दमट हवा आली की घाम सुटलाच. 13 मिलिमीटर असेल तर पृष्ठभाग 28 अंशांच्या आसपास येतो. 19 मिलिमीटर असेल तर 29 च्या पुढे.

यावरून किनारपट्टीसाठी सरळ नियम करता येतो. मोकळ्या हवेतल्या पाइपाला किमान 13 मिलिमीटर. फॉल्स सीलिंगच्या वर किंवा बंद कपाटामागे, जिथे हवा हलत नाही, तिथे 19 मिलिमीटर. पातळ आणि जाड आवरणाच्या किमतीतला फरक एसीच्या किमतीपुढे नगण्य आहे. पीओपी एकदा फोडून परत करायच्या खर्चापुढे तर तो मोजूही नये.

विदर्भात, मराठवाड्यात वेगळे दुखणे

नागपूर, अकोला, चंद्रपूर इथले वाचक म्हणतील की आमच्याकडे मे महिन्यात हवा कोरडी, आम्हाला घामाची काय भीती? खरे आहे. 45 अंशांच्या कोरड्या हवेचा दवबिंदू बारा-तेरा अंशांवर येतो, त्यामुळे पाणी फारसे दिसत नाही. त्यातच फसगत आहे. उन्हाळ्यात कच्चे काम खपून जाते आणि जुलैत हवा दमट झाली की उघडे पडते.

शिवाय तिथे ऊन आहे. गच्चीवर आउटडोअर युनिट आणि तिथवर तळपत्या सिमेंटवरून आलेले पाइप, ही तिकडची नेहमीची मांडणी. दीड टनाच्या एसीची गारवा देण्याची क्षमता सुमारे 5,200 वॉट असते. अशा उन्हात पाच मीटर उघड्या पाइपांतून अंदाजे दीडशे वॉट उष्णता आत शिरू शकते, आणि वारा असेल तर त्याहून जास्त. म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास तोटा झाला. पाइप लांब असेल तर तोही वाढतो. इन्सुलेशनने बिल निम्मे होईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण परत येणारा गॅस तापून आला की कॉम्प्रेसरही अधिक तापतो, आणि नेमक्या 45 अंशांच्या दुपारी त्याच्यावरचा ताण वाढतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या लेबलवरचे तारे नीट जोडलेल्या यंत्रावर प्रयोगशाळेत मोजलेले असतात. तुमच्या गच्चीवरचे उघडे पाइप त्या मोजणीत नसतात.

ऊन आवरणालाही खाते. काळा रबर फोम उन्हात काही वर्षांत कडक होतो, तडकतो आणि भुगा होऊन गळतो. त्यावरची साधी पांढरी टेप तर त्याहून लवकर फाटते. उरलेले काम खारी, उंदीर आणि कावळे करतात. म्हणून बाहेरच्या भागावर पीव्हीसीची झाकणपट्टी किंवा पत्र्याचे आवरण घाला. निदान ऊन सोसणारा रंग किंवा टेप तरी हवीच.

फिटर मित्रांनो,

तुमच्यावर वेळेची घाई लादली जाते, हे आम्हाला ठाऊक आहे. दरही नगावर ठरतो, काम किती काळजीपूर्वक केले यावर ठरत नाही. तरीही पुढील गोष्टी सोडू नका.

पाइप ओढण्याआधी त्याची टोके टेपने बंद करा आणि आवरण अखंड सरकवा. चिरून घालायचे असेल तर चीर आणि जोड दोन्ही चिकटद्रवाने पक्के करा. नुसती टेप पुरत नाही.

भिंतीच्या भोकातही आवरण पाइपासोबत आरपार जाऊ द्या. "आत कोण पाहतो" म्हणून तिथेच ते कापले जाते, आणि तिथूनच भिंत भिजते. भोकाला बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि फटी बुजवा.

फ्लेअरचे जोड आधी झाकू नका. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने गळती तपासा, पंपाने व्हॅक्यूम करा, आणि मगच जोडांवर आवरण चढवा. आतल्या युनिटच्या पाठीमागचा जोड सर्वांत जास्त वेळा उघडा राहतो. आधीच झाकलेल्या जोडातून गॅस गळत राहिला तर तो लवकर सापडत नाही. आर-410ए या गॅसचा एक किलो हवेत गेला तर त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम शंभर वर्षांच्या मोजणीत सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका धरतात.

केबल टाय आवळून बांधू नका. फोमची जाडी जिथे दबते, तिथेच थेंब धरतो. टेप खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे पावसाचे पाणी प्रत्येक पदरावरून बाहेर ओघळेल. जुडग्यात ड्रेन पाइप सर्वांत खाली ठेवा आणि त्याला अखंड उतार द्या. बंद जागेतून जाणाऱ्या ड्रेन पाइपातही गार पाणी असते, तेव्हा त्यालाही पातळ आवरण घाला. विजेच्या तारेचा जोड या जुडग्याच्या आत कधीही ठेवू नका.

आर-32 हा गॅस सौम्य ज्वलनशील आहे. गॅस असलेल्या लाइनवर ब्रेझिंग करू नका, आणि ब्रेझिंग करताना आवरण मागे सारून ओले फडके लावा. खिडकीबाहेरच्या कठड्यावर उतरायचे असेल तर पट्टा बांधल्याशिवाय उतरू नका. घरमालकाने घाई केली तरी नाही.

सोसायट्यांनो, इंटिरिअरवाल्यांनो,

पुनर्विकासात मिळणाऱ्या नव्या घरांमध्ये भिंतीतून आधीच टाकलेले कॉपर पाइप आता सर्रास असतात. ताबा घेताना नळ आणि स्विच तपासता, तसेच या पाइपांबद्दलही विचारा. दाबाची चाचणी झाली का? भिंतीच्या खाचेत आवरण आहे का, की पाइपावर थेट सिमेंट थापले आहे? टोके बंद आहेत का, की आत सिमेंटची धूळ गेली आहे? प्लास्टर होण्याआधीचे फोटो मागा. ते मिळत नसतील, तर आपल्या घराच्या फाइलला एक लेखी नोंद जोडून ठेवा.

इंटिरिअर कंत्राटदारांना विनंती आहे की एसीवाल्याने सही केल्याशिवाय फॉल्स सीलिंग बंद करू नका. शक्य असेल तर जोडांच्या खाली एक छोटी झडप ठेवा. सुतार, रंगारी आणि एसीवाला हे तिघे वेगवेगळ्या दिवशी येतात, आणि एकाच्या खिळ्याने दुसऱ्याचे आवरण फाटते. ते पाहणारा माणूस साइटवर तुम्हीच असता.

गृहनिर्माण संस्थांनी छताच्या डागाची तक्रार आली की टाइल्स उखडण्याआधी एवढे विचारावे : या छतात एसीचे पाइप आहेत का, आणि डाग एसी चालू असतानाच वाढतो का? अनेक भांडणे इथेच मिटतील.

ज्यांच्याकडे एसी आधीच आहे, त्यांच्यासाठी

दमट दिवशी एसी अर्धा तास चालवा. मग घरात हाताशी येणाऱ्या पाइपाच्या आवरणावरून कोरडा हात फिरवा. ते कोरडे आणि खोलीच्या हवेइतकेच लागले पाहिजे. गार किंवा ओले लागले, तर तिथे आवरण पातळ, फाटलेले किंवा भिजलेले आहे. भिजलेल्या आवरणावर नवी टेप चढवू नका. ते काढून पाइप कोरडा करून नवे घाला.

पाणी कुठून येते ते आधी ओळखा. आतल्या युनिटच्या कडेवरून टपकत असेल, तर बहुधा ड्रेन तुंबला आहे. फक्त पाऊस पडत असताना भिंत ओली होत असेल, तर भिंतीच्या भोकातून पाणी येत आहे. पाइपाच्या वाटेवर थेंब किंवा डागांची रांग दिसत असेल आणि ती एसी चालल्यावरच वाढत असेल, तर दोष इन्सुलेशनचा. पाइपावर बर्फ धरला असेल, तर जाड आवरणाने काही होणार नाही. फिल्टर तुंबला आहे किंवा गॅस कमी झाला आहे, आणि त्यासाठी मेकॅनिकच बोलवावा लागेल. बाहेरचे पाइप पाहण्यासाठी खिडकीतून वाकू नका. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, सर्व्हिसिंगला येणाऱ्या माणसाला बाहेरच्या आवरणाचा फोटो काढून दाखवायला सांगा.

आता प्रत्येकाने एवढे करा

एसी घेताना दुकानातच आवरणाची जाडी बिलावर लिहून घ्या, आणि जादा पाइप लागला तर त्यावरही तीच जाडी असेल हे ठरवून घ्या. काम घरी सुरू झाल्यावर फिटरला घाई करू नका. या कामाला लागणारा अर्धा-पाऊण तास त्याला द्या, आणि त्याचे पैसे मागितले तर ते घासाघीस न करता द्या. टेप गुंडाळण्याआधी त्याला थांबवा, चारही गोष्टी स्वतः पाहा, फोटो काढा, आणि मगच टेप चढू द्या. शेवटचे पैसे त्यानंतर. तुमच्या इमारतीत पुढचा एसी ज्यांच्याकडे बसणार आहे, त्यांनाही ही यादी आजच द्या.